लाईन सोडली नाही

लाईट गेली तर जाऊ दे. मेणबत्ती नको रे अश्विन, चांदणं आहे की एवढं. इंदिरानगरात गच्चीवर बसायला आणखी काय लागतं माणसाला?

आणि तेजल, तू तो फोन आधी खाली ठेव. साखरपुडा होऊन महिना नाही झाला, आणि नवऱ्या मुलाचा फोन बिझी लागतोय म्हणून तोंड पाडून बसलीय. बोलत असेल कोणाशी तरी. कोणाशी, ते त्यालाच विचार. सरळ विचार. पण त्याच्या मित्राला, बहिणीला, तिसऱ्या कोणाला विचारायला जाऊ नकोस. का, ते सांगायचं तर आमच्या वाल्मीकची गोष्ट सांगावी लागेल, आणि मग जिना उतरताना माझाच हात धरशील. सांगू? बघा हं. तुमच्या काकूला ही गोष्ट काढलेली चालत नाही. ती खाली आहे तोवर उरकतो.

मी टेलिफोन खात्यातून रिटायर झालो, त्याच सुमाराला कॉलेज रोडला एक एफएम स्टेशन निघालं. नाव घेत नाही, मालक अजून सकाळी फिरायला भेटतात. त्यांना लाईनींमधलं कळणारा माणूस हवा होता, आणि मला घरात बसून तुमच्या काकूची बोलणी खायची नव्हती. तिथे वाल्मीक इंजिनियर होता. सटाण्याकडचा. सावळा, अबोल, हाताचा स्वच्छ. त्याने एक जोड मारला की तो पुन्हा उघडायला लागायचा नाही. मला दिनेशदादा म्हणायचा. त्याची बायको सरिता तिथेच निवेदिका होती. मालेगावची. तिचा कार्यक्रम लागला की रिक्षावाले गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचे थांबत, असा आवाज.

तिसरा ललित. ललितबद्दल काय सांगू? माणूस वाईट नव्हता. सेंट मारायचा, गोड बोलायचा, आणि दिसेल त्या बाईला 'आज तुम्ही वेगळ्या दिसताय' म्हणायचा. आमच्याकडे झाडू मारणाऱ्या भागीबाईलासुद्धा. ती म्हणायची, 'मेल्या, रोजच्यासारखीच तर हाय.' सरिता आणि तो मिळून सकाळचा कार्यक्रम करायचे. दोघांचं जमायचं छान. हसायचे, एकमेकांची टर उडवायचे. लोकांना आवडायचं.

वाल्मीकला आवडायचं नाही. जळायचा तो. ललितला जे सहज जमतं ते आपल्याला जन्मात जमणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि तेच डाचायचं. बायको ऑफिसात हसते आणि घरी गप्प असते, एवढं त्याला दिसायचं. घरी येईपर्यंत ती दमलेली असते, हे दिसायचं नाही. तोंडाने चकार शब्द काढायचा नाही. पण ललित खोलीत आला की हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आधीच पिळलेला स्क्रू पुन्हा पिळायला बसायचा. मला कळायचं.

२००८ सालचा मे. दर उन्हाळ्यात गोदाकाठी व्याख्यानं होतात, तुम्ही ऐकली असतील. त्या वर्षी आमच्या स्टेशनने ठरवलं की रोज रात्री आठ ते नऊ ती थेट ऐकवायची. पंचवटीत घाटाला लागूनच गोटीरामशेठचं घर होतं. खाली तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान, वर एक रिकामी खोली. खोलीच्या खिडकीतून समोरचा मांडव स्वच्छ दिसायचा आणि खाली दुकानाची पायरीही दिसायची. मांडवातला आवाज वायरने त्या खोलीत यायचा, आणि खोलीपर्यंत टेलिफोनची लाईन मी ओढून दिली. मग एका दुपारी वाल्मीक स्कूटरला कोडेक बांधून तो लावायला गेला. सुरुवात झाली ती अशा साध्या कामाने.

कोडेक म्हणजे काय, विचारशील. डबा रे. आपल्या जुन्या व्हीसीआरएवढा. एक डबा स्टेशनात, एक त्या खोलीत, आणि मधे टेलिफोनची जरा भारीतली लाईन. खोलीतला आवाज स्टेशनात येतो, तिथून हवेत जातो. डब्याला दोन बाजू असतात, ट्रान्समिट आणि रिसीव्ह. पाठवायचं वेगळं लावायचं, घ्यायचं वेगळं लावायचं. तुझं ट्रान्समिट आणि माझं रिसीव्ह एकाच मोडवर हवं, नाहीतर नुसती खरखर. आणि वाटलं तर एक बाजू बंद ठेवून दुसरी चालू ठेवता येते. म्हणजे मी तुझं सगळं ऐकतोय, पण माझं तुला काहीच ऐकू येत नाही. हे लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

आमच्या धंद्यात एक रीत होती. लाईन ज्याने लावली त्यानेच सोडायची. वाल्मीक स्टेशनातून नंबर लावणार, खोलीतला डबा आपोआप उचलणार. कार्यक्रम संपला की वाल्मीक हेडफोनमधून सांगणार, 'लाईन सोडतो', आणि मग सोडणार. खोलीत निवेदनाला सरिता आणि ललित. खिडकीशी टेबल, टेबलावर माईक, शेजारी डबा. त्या दोघांना ताकीद होती, डब्याला न् माईकला हात लावायचा नाही, उगाच भलतं बटण दाबून ठेवाल.

सुरुवातीला सगळं झकास चाललं. मग एका रात्री वाल्मीक म्हणाला, 'लाईन सोडतो.' आणि सोडली नाही.

त्याने फक्त आपलं ट्रान्समिट बंद केलं. रिसीव्ह चालूच ठेवलं.

त्या वेळी कंट्रोल रूममध्ये तो एकटाच असायचा. गाणी कॉम्प्युटरवर लागलेली असायची. हा हेडफोन कानाला लावून बसला. काय ऐकलं? खुर्च्या सरकल्या. ललित म्हणाला, चला, चहा मारू. सरिता म्हणाली, नको, घरी जाऊन भात लावायचाय. दार, कडी, जिना. संपलं. आपल्याला स्वतःची लाज वाटली, असं वाल्मीक मला पुढे म्हणाला. लाज वाटली, आणि दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा ऐकलं. तिसऱ्या दिवशीही ऐकलं. खाज असते ती. खाजवली की बरं वाटतं आणि वाढते.

अशाच एका रात्री दोघं निघाले. कडी लागली. जिना वाजला. वाल्मीक लाईन सोडायला हात पुढे करतो, तेवढ्यात माईकच्या अगदी जवळून एक बाई बोलली.

'गेले.'

वाल्मीकचा हात तसाच राहिला.

'एकाच रिक्षात.'

वयस्कर नाही, तरुण नाही. घरातली बाई कुकरच्या शिट्ट्या मोजताना बोलते तसा आवाज. त्याने आधी डब्याकडे बघितलं. ट्रान्समिट बंद होतं, म्हणजे आपण ऐकतोय हे तिला कळायचं कारण नव्हतं. शेठच्या घरातली कोणी झाडायला आली असेल आणि स्वतःशीच बोलत असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि लाईन सोडली. घरी आल्यावर सरिताने आपणहून सांगितलं की ललितने शालिमारपर्यंत रिक्षात सोडलं. 'आपणहून' याला काही किंमत असते की नाही? वाल्मीकच्या डोक्यात शिरलं ते फक्त, एकाच रिक्षात.

दुसऱ्या दिवशी ती बाई, ते दोघं खोलीत असतानाच, बोलायला लागली. मागे सरिता आणि ललित कागद गोळा करतायत, उद्याच्या वक्त्याबद्दल बोलतायत. आणि पुढे, माईकला ओठ लावून, ही. क्रिकेटची कॉमेंट्री करावी तशी.

'तो तिच्याकडे बघतोय.'

'ती हसली.'

'आता त्याने तिच्या केसांना हात लावला.'

आणि त्या दोघांना काही म्हणजे काही ऐकू जात नव्हतं. त्यांचं बोलणं मधे एकदाही अडखळलं नाही.

त्या रात्री सिडकोतल्या त्यांच्या घरात पहिलं मोठं भांडण झालं. वाल्मीकने ताटावरून उठून विचारलं, ललितने तुझ्या केसांना हात का लावला? सरिता पोळी करत होती. तिचं लाटणं थांबलं.

'अहो, किडा बसला होता केसांत. घाटावर दिव्याला किती किडे येतात. त्याने झटकला,' ती म्हणाली. 'पण तुम्हाला कोणी सांगितलं? खोलीत आम्ही दोघंच होतो.'

'दोघंच होता ना?' वाल्मीक म्हणाला.

बघा आता. यात खोटं कोण बोललं? कोणीच नाही. ती बाईसुद्धा नाही. तिने किडा तेवढा गाळला होता.

सकाळी वाल्मीक वायर तपासायच्या निमित्ताने पंचवटीला गेला. गोटीरामशेठ दुकानात तांब्ये पुसत बसले होते. वर कोणी बाई येते का, असं त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं. शेठ म्हणाले, या घरात बाईच नाही. मालकीण होती, वत्सलाबाई, तिला जाऊन चार वर्षं झाली. मग हातातला तांब्या खाली ठेवून त्यांनी उलट विचारलं, का, काही दिसलं का? वाल्मीक म्हणाला, दिसलं नाही. शेठ समजले. वत्सलाबाई दिवसभर त्या वरच्या खिडकीत बसून असायची. दुकानावर कोण बाई आली, किती वेळ थांबली, शेठ कितीदा हसले, हे रात्री जेवताना सगळं वाचून दाखवल्यासारखं सांगायची.

'खोटं कधी नाही बोलली,' शेठ म्हणाले. 'पण निम्मं सांगायची. बहिणीला मी रिक्षात बसवलं, तर ही सांगणार, बाईला हाताला धरून रिक्षात बसवलं. जन्मभर मी माझ्याच दुकानात मान खाली घालून बसलो, वाल्मीकभाऊ.'

त्या कुठे वारल्या, असं विचारल्यावर शेठनी नुसतं वर बघितलं. जिथे टेबल मांडलं होतं तिथेच. खिडकीत. बसल्या बसल्या. डोळे उघडे.

आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? अश्विन, तू काय केलं असतंस? लाईन तोडली असतीस, नारळ फोडला असतास आणि मोकळा झाला असतास. मी पण तेच केलं असतं. वाल्मीक त्या संध्याकाळी वेळेच्या आधी येऊन हेडफोन लावून बसला. लोक म्हणतात भूत माणसाला धरतं. मला विचाराल तर तिथे माणसानेच भुताला धरून ठेवलं होतं. त्याला जे ऐकायचं होतं ते सांगणारं जगात तेवढं एकच होतं ना.

एका रात्री ती बोललीच नाही. सरिता-ललित निघून गेले, खोली गप्प. वाल्मीक वाट बघून बघून कंटाळला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, 'आज काही नाही?'

आपल्याच रिकाम्या कंट्रोल रूममध्ये बोलला तो. ट्रान्समिट बंद.

'आहे,' ती म्हणाली. 'आज जिन्यात हात धरला.'

वाल्मीकने डब्याकडे बघितलं. बंद होतं. त्याने आपल्या माईकची पिन उपटून काढली. तिचं टोक हातात धरलं. आणि विचारलं, 'अजून?'

'अजून आहे. उद्या सांगते.' मग जरा थांबून, 'अहो... तुम्ही जेवलात का?'

हे मला सांगताना वाल्मीकने मान वर केली नव्हती. म्हणाला, दादा, मला बरं वाटलं ते. घरी मला कोणी विचारत नव्हतं. अरे, विचारणार कसं? हा घरी तोंड उघडत नव्हता, ताटावर बसत नव्हता, सरिता जवळ आली की कूस बदलत होता. जिन्यातली लाईट गेली म्हणून ललितने तिचा हात धरून दोन पायऱ्या उतरवल्या होत्या. हे ती सांगायला गेली, तर हा म्हणाला, मला सगळं माहीत आहे.

सरिता एक दिवस माझ्याकडे आली. डोळे सुजलेले. म्हणाली, 'दादा, माझ्यावर कोणीतरी पाळत ठेवलीय. मी शिंकले तरी यांना कळतं.' मी तिला बसवलं, चहा दिला. मग तिने उगाच विचारल्यासारखं विचारलं, लाईन सोडल्यावरही डब्याचा हिरवा दिवा लागलेला असला, तर त्याचा अर्थ काय? मी म्हटलं, लाईन जोडलेलीच आहे. ती म्हणाली, मग तिकडे ऐकू येत असेल? मी म्हटलं, रिसीव्ह चालू असेल तर येणारच. ती चहा तसाच ठेवून उठली.

सोमवार होता. एकोणीस मे. वैशाखी पौर्णिमेची रात्र. घाटावर चांदणं असं पडलेलं की मांडवातल्या ट्यूबलाईटी उगाच लावल्यासारख्या वाटत होत्या. व्याख्यान नऊला संपलं. वाल्मीकने सांगितलं, 'लाईन सोडतो.' ट्रान्समिट बंद केलं, हल्ली काढायचा तशी माईकची पिनही काढली. कान देऊन बसला.

दार उघडलं. जिना वाजला. एकाच माणसाची पावलं. ललितची. दार लागलं.

खुर्ची सरकली नाही.

'अहो,' सरिता म्हणाली. 'मी आहे. ललितला पाठवून दिलं. हिरवा दिवा चालू आहे, म्हणजे तुम्ही ऐकताय.'

वाल्मीकने हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबला.

'मी भांडायला नाही बसले. मी काही केलेलं नाही, ते पण सांगत बसत नाही. मला एवढंच ऐकायचंय की तुम्ही तिकडे आहात. एकदा बोला. नुसतं माझं नाव घ्या. मग आपण घरी जाऊ, आणि हा विषय मी मरेपर्यंत काढणार नाही. पण नाही बोललात, तर मी आज मालेगावला जाते. चोरून ऐकणाऱ्या माणसाबरोबर मला नाही राहता येत.'

थांबली. वाट बघत बसली. तिचा श्वास ऐकू येत होता.

आणि त्या श्वासाच्या पुढे, माईकला लागून, दुसरा.

'बोलू नका.'

...

'तो जिन्यातच उभा आहे.'

...

'अहो, थांबा थोडं. सांगते ना मी.'

वाल्मीक म्हणतो, तेव्हा पहिल्यांदा त्याला त्या बाईचा राग आला. तिचा आला, स्वतःचा आला. समोर बायको एक शब्द मागत होती. एक बटण. त्याने पिन जागेवर खोचली. बोट बटणावर नेलं.

'मग मी कोणाशी बोलू?' ती बाई म्हणाली. रडवेली.

त्याने ट्रान्समिट चालू केलं.

'सरिता. मी आहे. चुकलो मी.'

काही नाही.

'सरिता...'

'कोण आहे तिथे?' सरिता म्हणाली. आवाज बदललेला. 'तुमच्याजवळ कोण आहे?'

'कोणी नाही गं. मी एकटा...'

खुर्ची पडली. हेडफोन टेबलावर आपटला. दार. जिना. धावत.

मग शांत. वाल्मीक ऐकत राहिला. पंखा फिरत होता. घाटावर कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. माईकजवळ श्वास नव्हता. रोज असायचा. आज तिकडची खोली खरोखर रिकामी होती.

आणि इकडे... कंट्रोल रूममध्ये... त्याच्या मागची खुर्ची करकरली.

त्याने वळून बघितलं नाही. लाईन सोडली. उठला. दाराकडे गेला.

खुर्ची पुन्हा करकरली. बसलेलं माणूस उठलं की करकरते ना... तशी.

...

सरिताने त्या रात्री काय ऐकलं, ते वाल्मीकला कधी कळलं नाही. ती तशीच स्टँडवर गेली आणि मालेगावची गाडी पकडली. वाल्मीक दोनदा तिकडे जाऊन आला. ती बाहेर आली नाही. तिच्या भावाने सांगितलं, आधी त्या बाईला घरातून काढा, मग या. वाल्मीक शपथा घेत राहिला, कुठली बाई? त्याने नोकरी सोडली, दाढी वाढवली. माझ्यापुढे बसून सगळं सांगितलं, मघाशी तुम्हाला सांगितलं ते. एवढंच विचारायचा, दादा, मी तिचं नाव घेतलं होतं, मग ती का गेली?

त्याचं उत्तर मला दिवाळीनंतर मिळालं. सरिता मावसबहिणीच्या लग्नाला नाशिकला आली होती, ती आपल्याकडे उतरली. इथेच, खाली. तिने मला तिची बाजू सांगितली. ती वाट बघत बसली होती. हेडफोनमध्ये आधी काहीच नव्हतं. मग खट् झालं, आणि वाल्मीकचा आवाज यायचा त्या जागी एक बाई बोलली. घरातली. हक्काची.

'अहो, उठा आता. पानं वाढलीत.'

आणि मग सरितालाच,

'तू कोण गं?'

मी मग तिला गोटीरामशेठचं सगळं सांगितलं. वत्सलाबाई, खिडकी, कॉमेंट्री, पिन. ती रडली. खूप रडली. तुमची काकू तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मी म्हटलं, अगं, तो तुझंच नाव घेत होता, मला त्याने शपथेवर सांगितलंय. तो एकटा राहतो, वाळून गेलाय. दोन माणसांच्या मधे तिसऱ्याने निम्मं निम्मं सांगितलं, त्याचा हा घोळ. आता तूच फोन कर. मधे कोणी नको.

रात्रीचे साडेआठ झाले असतील. तिने डोळे पुसले आणि घरचा नंबर फिरवला. त्यांच्या सिडकोतल्या घरचा. मी आणि काकू तिच्या दोन बाजूंना, रिसीव्हरला कान लावून. रिंग वाजली. वाजत राहिली. उचलला.

'अहो...' सरिता म्हणाली.

पलीकडे बांगड्या वाजल्या.

'ते जेवतायत,' बाई म्हणाली. 'कोण बोलतंय?'

सरिताने फोन ठेवला. हळू ठेवला. रडली नाही. काकूचा हात तिने पाठीवरून काढला आणि मला म्हणाली, 'भूत असो नाही तर बाई असो. त्या घरात माझी जागा राहिली नाही, दादा. मला स्टँडवर सोडा.'

मी म्हटलं, थांब. दहा मिनिटं थांब. स्कूटर काढली आणि सिडकोत गेलो. डोक्यात राग होता माझ्या. म्हटलं, या गड्याने खरंच कोणी आणून ठेवली असेल तर आज थोबाड फोडतो.

दार उघडंच होतं. वाल्मीक जमिनीवर पेपर अंथरून खानावळीचा डबा खात होता. एकटा. मला बघून घास हातातच राहिला. म्हटलं, फोन कोणी उचलला रे? तो म्हणाला, कुठला फोन? फोन वाजलाच नाही, दादा.

मी स्वयंपाकघरात गेलो. लाईट लावली. कोणी नव्हतं. ओटा कोरडा, धूळ बसलेला. सरिता गेल्यावर त्याने गॅस देऊन टाकला होता. पोळपाट नाही, परात नाही, पिठाचा डबा नाही. मागचं दार आतून बंद. बाथरूम बघितलं, पलंगाखाली बघितलं. वाल्मीक माझ्या मागे मागे फिरत होता, उष्ट्या हाताने. विचारत होता, सरिता काही म्हणाली का? माझ्याबद्दल काही म्हणाली का?

मी बाहेरच्या खोलीत आलो. फोन कोपऱ्यात स्टुलावर होता. म्हटलं बंद पडलाय का बघावं. रिसीव्हर उचलला.

आणि तसाच हातात धरून उभा राहिलो...

रिसीव्हरला कणीक लागली होती. बोटांची. चार इकडून, अंगठा तिकडून.

ओली होती.